माळवदाचं ओझं



वैशाख सरत आला, रोहिणी निघाल्या, की आपल्या माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागात एक काम ठरलेलं असतं. माळवदावर माती टाकायची. पुरुषमाणसं माती वाहून आणतात, आणि ती वर पसरणं, ढेकळं फोडणं, पाणी मारून धुमसणं, हे बहुतेक आपल्याकडंच येतं. सासूबाईंनी केलं, त्यांच्या सासूबाईंनी केलं, म्हणून आपणही करतो. घर गळू नये एवढाच त्यामागं हेतू असतो.

आज आपण त्याच मातीबद्दल बोलणार आहोत. माती टाकताना एक प्रश्न आपण कधी विचारत नाही: आधीची माती किती आहे, आणि खालचं लाकूड ती पेलतंय का?

बर्फ आणि माती

टीव्हीवर हिमाचल, काश्मीरच्या बातम्या आपण बघतो. तिकडं हिवाळ्यात छपरावर बर्फ साठतो. लोक फावडी घेऊन वर चढतात आणि तो खाली ओढतात. नाही ओढला तर छप्पर खाली येतं. आपल्याला ते बघून नवल वाटतं, कारण आपल्याकडं बर्फ म्हणजे थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गोठलेलं दव. पेपरात फोटो येतो आणि उन्हं वर आली की संपतं.

पण वजनाचा हिशोब करा. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच एवढा ताजा भुरभुरीत बर्फ घेतला तर तो साधारण तीन किलो भरतो. दबून घट्ट बसलेला असेल तर आठ-दहा किलो. तेवढीच आपल्या माळवदावरची धुमसलेली कोरडी माती घेतली तर ती भरते साधारण ४५ किलो. म्हणजे एक फूट माती ही पाच फूट दबलेल्या बर्फाएवढी जड. आणि बर्फ उन्हाळ्यात वितळून जातो. आपली माती वर्षानुवर्षं तिथंच राहते, आणि दरवर्षी तिच्यावर नवी पडते.

४५ किलो म्हणजे युरियाची एक गोणी. हे ध्यानात ठेवायला सोपं आहे. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती असेल, तर त्या खोलीच्या डोक्यावर युरियाच्या १२० गोण्या रचून ठेवल्यात असं समजा. साडेपाच टनांच्या आसपास वजन. ब्रासच्या भाषेत सव्वा ब्रास. ट्रॅक्टरची ट्रॉली भरूनही थोडी माती उरेल. आणि त्याखाली आपण चूल पेटवतो, लेकरं झोपवतो.

एकदा इंचभर नवी माती टाकली की त्याच खोलीवर दहा गोण्या वाढतात. त्यातली काही पावसानं वाहून जाते, हे खरं. पण समजा निम्मीच राहिली, तरी दहा वर्षांत पाच इंच चढले. पन्नास गोण्या. खालची तुळई मात्र तीच, आजेसासऱ्यांनी बसवलेली. ती दहा वर्षांनी अजून म्हातारी झालेली असते.

पाऊस पडला की काय होतं

आपले वाडवडील अडाणी नव्हते. त्यांनी माळवदासाठी खारी, चोपण माती किंवा गावठाणातली पांढरी माती निवडली, त्याला कारण आहे. चोपण माती ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होऊन मातीतली भोकं बुजवतात. वरचा थर लिंपल्यासारखा होतो आणि पाणी खाली उतरत नाही. माण, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. इथं मातीचं छप्पर चालतं. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, आणि पैसा लागत नाही. तिकडं पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथं माळवद टिकलं नसतं, म्हणून पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगराकडं उतरती कौलारू घरं आली. एकाच जिल्ह्यात घराचे दोन प्रकार पावसानं ठरवले.

अडचण येते ती पाऊस नेहमीसारखा पडत नाही तेव्हा. ऑक्टोबर २०२० आठवतोय ना? महिन्याच्या मध्यावर बंगालच्या उपसागराकडून कमी दाबाचा पट्टा आला आणि सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या दुष्काळी भागावर कोसळला. आपल्याकडं परतीचा पाऊस असाच येतो. उत्तरा, हस्ताचा पाऊस महिनाभराचं पाणी एकदोन दिवसांत ओततो. तेव्हा वरचा लिंपलेला थर हरतो आणि पाणी आत मुरायला लागतं.

कोरड्या घनफूट मातीत आठ-दहा किलो पाणी सहज मुरतं. म्हणजे आपल्या त्या १२० गोण्यांच्या खोलीवर एका रात्रीत आणखी टनभर वजन वाढतं. वर चढून बघितलं तर माती तेवढीच दिसते, एक बोटही वाढलेली नसते. म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

त्यात पन्हळ तुंबली असेल तर वर तळं साचतं. दहा बाय बाराच्या खोलीवर एक इंच पाणी साचलं तर ते जवळपास २८० लिटर होतं. पंधरा लिटरचे एकोणीस हंडे. कठड्यामुळं चार इंच साचलं तर हजार किलोच्या वर. गारपिटीत हाच घोळ होतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट आपण विसरलेलो नाही. गारा पन्हळीच्या तोंडाशी गोळा होऊन बसतात, मागचं पाणी अडतं, आणि वितळतील तसं ते हळूहळू मातीत मुरत जातं. गारा थांबल्या, विजा थांबल्या, की आधी पन्हळीचं तोंड काठीनं खालूनच मोकळं करावं.

मोडतं कुठं

माळवदाचं वजन कसं खाली येतं ते बघा. मातीखाली लिंबाचा पाला, तुरकाट्या किंवा पाचट. त्याखाली किलच्या किंवा फळ्या. त्याखाली सर. सरांखाली तुळई. तुळईखाली खांब किंवा भिंत. ओझं एकाकडून दुसऱ्याकडं जातं आणि शेवटी जमिनीत उतरतं. यातला एक गडी जरी कमकुवत झाला, तरी त्याचं ओझं शेजाऱ्यावर पडतं.

सगळ्यात दगा देणारी जागा म्हणजे सराचं किंवा तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. मधलं लाकूड आपल्याला दिसतं. धुरानं काळं झालेलं, चांगलं टणक असतं. पण भिंतीतल्या टोकाला ओल असते, हवा नसते, आणि वाळवी तिथूनच चढते. बाहेरून सर धडधाकट दिसतो आणि आत टोकाचा भुसा झालेला असतो.

दुसरी जागा म्हणजे भिंतीचा पाया. मातीची किंवा मातीत रचलेली दगडाची भिंत कोरडी असेपर्यंत भक्कम असते. ओली झाली की तिची ताकद जाते. वळचणीचं पाणी खाली पडून भिंतीवर उडतं, न्हाणीचं पाणी तिथंच जिरतं, आणि खालचा हातभर भाग झिजत जातो. वर ओझं तेवढंच. मग भिंतीला पोट येतं. अशा भिंतीला कित्येक घरी सिमेंटचा गिलावा करतात. तो दिसायला छान, पण आतली ओल बाहेर पडू देत नाही. बाहेरून गुळगुळीत आणि आतून चिखल, असं होऊन बसतं. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा बरा.

भिंतीचं सांगताना एक गोष्ट बाहेरचीही सांगायला हवी. त्याच १४ ऑक्टोबर २०२० ला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. पावसात आडोशाला म्हणून माणूस भिंतीला चिकटून उभा राहतो. भिजलेल्या भिंतीचा आडोसा घेऊ नये, शेरडांनाही तिथं बांधू नये.

आणि वजनाचा तिसरा शत्रू आपल्या भागात जमिनीखाली आहे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेला भूकंप झाला, त्यात सुमारे १८० माणसं गेली. पाटणकडं जमीन अजूनही अधूनमधून हलते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा सरकारी आकड्यानुसारच जवळपास आठ हजार माणसं गेली. तिथली घरं आपल्यासारखीच होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडावर मातीचं जड माळवद. लोक झोपेत होते, आणि वरचं ओझं त्यांच्या अंगावर आलं. भूकंप आपल्या हातात नाही. डोक्यावर किती वजन ठेवायचं हे आपल्या हातात आहे.

घरच्या घरी तपासणी

मृग निघायच्या आधी एक दिवस घराला द्या. मिस्त्री, इंजिनियर लागत नाही. सुतळी, मोठा खिळा, हातोडी आणि खडू पुरे.

पहिलं, मातीची जाडी मोजा. कडेला किंवा सान्याच्या तोंडाशी माती थरांत दिसते. तिथं वीत लावा. साधारण एक वीत असेल तर ठीक. दीड-दोन वीत असेल तर यंदा माती टाकायची नाही, काढायची.

दुसरं, लाकूड वाजवून बघा. सराच्या दोन्ही टोकांशी, भिंतीलगत, हातोडीनं हलकं ठोका. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं. पोखरलेलं बद्द वाजतं. खिळा टोचून बघा. बोटाच्या जोरानं आत गेला तर ते टोक गेलं म्हणून समजा.

तिसरं, वाक मोजा. तुळईच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरा. मधोमध लाकूड सुतळीच्या खाली किती आलंय ते मोजा आणि चौकटीवर खडूनं तारखेसह लिहून ठेवा. जुन्या लाकडाला थोडा वाक असतोच, त्यानं घाबरू नका. पण महिन्यानं, पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल तर लाकूड हार मानतंय. लगेच खाली टेकू द्यायचा आणि त्या खोलीत झोपायचं नाही.

चौथं, भिंतीला पोट आलंय का बघा. वरून दोरीला दगड बांधून सोडा, ओळंब्यासारखा. भेगांच्या दोन्ही टोकांना खडूची खूण करा. भेग खुणेच्या पुढं सरकली तर ती वाढतेय.

पाचवं, वर काय काय ठेवलंय ते बघा. सरपण, कडबा, कांदा, मोडकी लोखंडी खाट, आणि अलीकडं पाण्याची टाकी. पाचशे लिटरची टाकी भरली की पाचशे किलो, तेही एकाच जागी. माळवदावर टाकी नको म्हणजे नको. ती जमिनीवर ओट्यावर बसवा.

माती उतरवायची कशी

आमच्या गटांच्या बैठकीत हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अहो, पण माती काढली तर गळणार नाही का?" प्रश्न बरोबर आहे. पाणी अडवतो तो वरचा धुमसलेला थर आणि दिलेला उतार. खालची दोन फूट माती फक्त ओझं असते. किल्लारीनंतर जुनी घरं सुरक्षित करताना हाच उपाय केला गेला. माती कमी करायची, मध्ये जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा, आणि त्यावर पातळ थर टाकून उतार काढायचा. गळतीही थांबते आणि वजनही निम्म्यावर येतं.

काम कोरड्या दिवसांत करायचं, पावसाळ्यात नाही. आधी खोली रिकामी करा आणि मधोमध खालून टेकू द्या. काम चालू असताना आत कुणी जायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. वर एका वेळी दोन-तीन माणसंच, आणि उभं राहायचं ते सरांवर आडव्या टाकलेल्या फळीवर. सगळीकडून सारखा सारखा थर काढत जायचं. एका बाजूची सगळी माती काढून दुसरी बाजू तशीच ठेवली तर तोल बिघडतो. काढलेली माती वरच ढीग करून ठेवायची नाही, लगेच खाली टाकायची. लाकूड उघडं पडलं की कुजलेले सर बदलून घ्यायची हीच संधी. सुताराला त्याच दिवशी बोलावून ठेवा.

काहीजणी म्हणतात, माळवद काढून पत्राच टाकू. चांगलं आहे, पत्रा मातीच्या तुलनेत फुलासारखा हलका. पण मग शत्रू बदलतो. वळवाचं वारं पत्रा उचलतं. त्यावर दगड ठेवून भागत नाही, वाऱ्यात तेच दगड लोकांच्या अंगावर येतात. पत्रा हुकानं लोखंडी किंवा लाकडी आडव्यांना, आणि आडवे भिंतीला पक्के बांधलेले हवेत.

धोक्याची बोली

घर पडण्याआधी बहुतेक वेळा बोलतं. त्याची भाषा घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांना आणि लेकरांनाही शिकवून ठेवा.

वरून अचानक माती झडायला लागली. लाकडाचा कडकड आवाज आला. काल नीट लागणारं दार आज चौकटीत अडकायला लागलं. गळतीचं पाणी गढूळ यायला लागलं. भिंतीची भेग रुंदावली. यातलं काहीही दिसलं तर सामान गोळा करत बसायचं नाही. माणसं आणि जनावरं बाहेर काढायची आणि शाळेत, समाजमंदिरात, शेजारच्या पक्क्या घरात जायचं.

गळायला लागलं म्हणून भर पावसात वर माती टाकायला चढू नका. तुमचं वजन, पाटीचं वजन, ओल्या मातीचं वजन, सगळं नको त्या वेळी वर जातं. खालून भांडी लावा आणि त्या खोलीतून बाहेर पडा. आणि पाऊस उघडला म्हणजे संकट टळलं असं धरू नका. मुरलेलं पाणी भिंतीत उतरायला वेळ लागतो. ऊन पडल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही भिंती बसतात. दोन दिवस कोरडे जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नका.

एक गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. घरात सगळ्यात जुनी, सगळ्यात धोक्याची खोली कुणाच्या वाट्याला येते? नवं बांधकाम पुढं होतं, आणि मागच्या माळवदाखाली म्हाताऱ्या आत्याबाई, सासूबाई किंवा बाळंतीण झोपते. चूलही तिथंच. यंदा पावसाळ्याआधी झोपायच्या जागा बदला. याला रुपया लागत नाही.

पडझड झालीच तर

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, रुग्णवाहिका १०८, तातडीची मदत ११२. हे तीन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पडझडीचे फोटो काढा, ढिगारा उपसण्याआधी. तलाठी आणि ग्रामसेवकांना लगेच लेखी कळवा आणि पंचनामा करून घ्या. केंद्र सरकारनं २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. कच्च्या घराची निदान १५ टक्के पडझड झाली असेल तर ४ हजार, घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३ हजार. पंचनाम्यात 'अंशतः' लिहिलंय की 'पूर्ण', यानं केवढा फरक पडतो ते बघा. सही करण्याआधी वाचा, वाचून घ्या. गोठा पडला असेल तर तो वेगळा लिहायला सांगा.

मदत घर ज्याच्या नावावर त्याला मिळते. म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आजच काढा आणि त्यावर नवऱ्याबरोबर तुमचंही नाव आहे का ते बघा. नसेल तर लावून घ्यायचा अर्ज करा. पक्क्या घरासाठी प्रधानमंत्री आवास, रमाई, शबरी या योजना आहेत. आपलं नाव यादीत आहे का, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा.

गटाचं काम

शेवटी गटाबद्दल. आपल्या बैठकीत शेळीला, शिलाई मशीनला, किराणा दुकानाला कर्ज लगेच मंजूर होतं. घरदुरुस्तीचा अर्ज आला की म्हणतात, यातून उत्पन्न काय येणार? आम्ही एवढंच म्हणतो की ती शेळी कुठं बांधता? ती मशीन कुठं ठेवता? वर्षाची ज्वारी कुठल्या खोलीत आहे? सगळं त्याच माळवदाखाली. ते आलं खाली तर कर्जाचा हप्ताही त्याखालीच जातो. म्हणून टेकू, चार सर, प्लास्टिकचा कागद आणि सुताराची मजुरी एवढ्यासाठी छोटं कर्ज देण्याचा ठराव प्रत्येक गटानं या महिन्यात करावा. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायकांचा अर्ज आधी घ्यावा.

आणि माती उतरवायला पैसे कशाला हवेत? आपल्याकडं पैरा आहे, इर्जिक आहे. खुरपणीला जाता तसं दहाजणींनी मिळून एका आठवड्यात एक घर घ्या. ज्या घरची माती उतरली, त्या घरनं पिठलं-भाकरी करायची. पाच आठवड्यांत पाच घरं हलकी होतील. पहिलं घर कुणाचं घ्यायचं, ते पुढच्या बैठकीत नाव घालून वहीत लिहा. मृगाला फार दिवस उरले नाहीत.